इगतपुरीचे ‘फॉरेस्ट’ : राबापासून पंचनाम्यापर्यंत

इगतपुरी तालुक्यात वनखात्याला कोणी वनखाते म्हणत नाही; ‘फॉरेस्ट’ म्हणतात. ‘फॉरेस्ट आले होते’, ‘फॉरेस्टने पिंजरा लावला’, ‘आमची दीड एकर फॉरेस्टात आहे’. गार्ड, कचेरी, कायदा आणि डोंगर या चौघांना मिळून एकच शब्द. त्यामुळे स्मरणिकेसाठी ‘संस्थेचा इतिहास’ लिहा असा निरोप आला तेव्हा मी जरा घुटमळलो. संस्थेच्या इतिहासाला एक संस्थापक लागतो, देवळाच्या ओसरीवर झालेली पहिली सभा लागते, वर्गणीची वही लागते आणि मांडी घालून बसलेल्या मंडळींचा एक पिवळा पडलेला फोटो लागतो. फॉरेस्टकडे यातले काहीच नाही. या संस्थेला तालुक्यात कोणी वर्गणी दिली नाही. दिला तो दंड. तरीही शतकाहून जास्त काळ टिकलेले आणि शेवटच्या पाड्यापर्यंत ज्याचा माणूस पोचतो असे दुसरे सरकारी खाते सांगा. तलाठ्याचे नाव पुढे येईल, पण तलाठी रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन येत नाही.

आरंभ रेल्वेपासून करावा लागतो. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाट चढून आगगाडी इगतपुरीला पोचली. सदतीस फुटांमागे एक फूट असा तो चढ. आजही कसाऱ्याला गाडीला मागून इंजिने जोडतात आणि तेवढ्या वेळात प्रवासी वडापाव उरकतात. या रुळांखाली घालायला लाकूड हवे होते. पुलांना, चाळींना, बंगल्यांनाही हवे होते. देशभर हेच चालले होते आणि साग संपत चालल्याची धास्ती सरकारला पडली होती. म्हणून १८६४ मध्ये डिट्रिख ब्रँडिस या जर्मन वनतज्ज्ञाला वनखात्याचे पहिले महानिरीक्षक नेमले गेले. आणि १८६५ मध्ये, म्हणजे आपल्या गावात गाडी आली त्याच वर्षी, देशातला पहिला वन कायदा झाला. पुढे १८७८ च्या कायद्याने जंगलांचे ‘राखीव’ आणि ‘संरक्षित’ असे वर्ग पाडले. राखीव म्हणजे कोणासाठी, हे त्या शब्दात सांगितलेले नव्हते. गावकऱ्यांना ते पहिल्या दंडाच्या पावतीवरून कळले.

या काळातल्या फॉरेस्टचे काम म्हणजे लाकडाचा हिशोब. कूप, म्हणजे तोडीचे भाग, आखायचे, बुंध्यावर हातोड्याने शिक्का मारायचा, लिलाव करायचा, वाहतुकीचा पास द्यायचा, चराईची फी घ्यायची. वाघ-बिबटे या हिशोबात कुठेच नव्हते.

गावांशी पहिले मोठे भांडण झाले ते राबावरून. ज्यांनी भातशेती केली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पावसाच्या आधी, भाताचे रोप जिथे टाकायचे त्या तुकड्यावर झाडांच्या डहाळ्या अंथरायच्या, वर पालापाचोळा, गवत, शेण, त्यावर मातीचा हलका थर, आणि वारा पाहून पेटवायचे. जमीन भाजली की तण मरते, राखेचे खत होते आणि पहिल्या सरीला रोप तरारून येते. त्या डहाळ्यांसाठी ऐनासारखी झाडे दरसाल छाटली जात. झाड मरत नाही, फुटते. पण सरळसोट वाढत नाही. शेतकऱ्याला डहाळी हवी, खात्याला बुंधा हवा. एकाच झाडावर दोघांचा डोळा. खात्याने डहाळी तोडण्याला गुन्हा ठरवले आणि घाटाच्या वर-खाली सगळीकडे असंतोष माजला. त्यातून मुंबई सरकारला १८८५ मध्ये वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. त्याआधीच, १८८३ मध्ये, महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्याने गरिबांची गुरेचराई कशी बंद पाडली याचा जाब विचारला होता. १९३० मध्ये चिरनेरला आणि बिळाशीला जंगल सत्याग्रह झाले तेव्हा लोकांनी मिठाऐवजी कुऱ्हाड का उचलली, हे राब भाजणाऱ्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

हा राग मी मुद्दाम आधी सांगितला. ‘वन्यजीव संरक्षणाची वाटचाल’ अशा मथळ्याखाली जे लिहिले जाते त्यात तो वगळलेला असतो, आणि मग आज बिबट्या शेळी नेतो तेव्हा लोक ‘तुमचा बिबट्या’ असे का म्हणतात ते कळेनासे होते. डोंगर खात्याचा झाला त्या दिवशीच त्यातले जनावरही खात्याच्या नावे लागले.

कायद्याच्या भाषेतही ते तसेच लागले. १९२७ चा भारतीय वन कायदा अजून लागू आहे. त्यात ‘वनोपज’ या शब्दाची व्याख्या आहे. लाकूड, कोळसा, लाख, मोहाची फुले, हिरडा, आणि जंगलात सापडली तर जंगली जनावरे, त्यांची कातडी, शिंगे, हाडे, मध आणि मेण. वाघ आणि हिरडा एका यादीत. दुसरीकडे त्याच इंग्रज सरकारच्या तिजोरीतून वाघ, बिबट्या, लांडगा मारून आणणाऱ्याला इनाम मिळत होते. इगतपुरीच्या डोंगरांत आज वाघ नाही. वाघोबा मात्र आहे. त्याच्याकडे पुढे येतो.

स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये मुंबई राज्याने वन्य प्राणी व पक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, आणि १९७२ मध्ये केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ मध्ये व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि त्याच्या पहिल्या नऊ जंगलांत आपले मेळघाट होते. या घडामोडींचे कागद इगतपुरीच्या कचेरीत पोचले असतील. डोंगरात तेव्हा फारसे काही बदलले नाही. बदल दिसला तो १९८६ मध्ये, तोही कळसूबाईच्या पलीकडच्या उतारावर. १६४६ मीटर उंचीचे हे शिखर आमच्या आणि अकोले तालुक्याच्या हद्दीवर आहे. अकोल्याच्या बाजूने कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झाले. राज्यप्राणी शेकरूचे हे हक्काचे घर. इगतपुरीच्या बाजूचे जंगल ‘प्रादेशिक’ राहिले, म्हणजे नाशिक पश्चिम वन विभागाच्या इगतपुरी परिक्षेत्राकडे. पलीकडे नाशिकचा वन्यजीव विभाग. माथ्यावर उभे राहिले की डावा पाय एका साहेबाच्या हद्दीत आणि उजवा दुसऱ्याच्या. शेकरूला आणि बिबट्याला ही वाटणी कोणी कळवलेली नाही.

त्याचा पुरावा २००९ मध्ये मिळाला. नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ एक बिबट्या विहिरीत पडला. त्याला वर काढून, गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे नाव ठेवले ‘आजोबा’. हे आजोबा तिथे थांबले नाहीत. डोंगररांगा, शेते, वस्त्या पार करत त्यांनी आमच्या घाटाखाली, कसाऱ्याजवळ रेल्वेमार्ग ओलांडला, महामार्ग ओलांडला, आणि सुमारे १२० किलोमीटर चालून ते मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचले. वाटेत कोणालाही ओरखडा नाही. त्यांच्यावर २०१४ मध्ये मराठी चित्रपट निघाला. तोवर ते एका वाहनाच्या धडकेत गेले होते. ज्या घाटात आम्ही रोज शिट्टी ऐकतो तिथून हा पाहुणा गेला आणि आम्हाला पट्ट्यामुळे कळले. पट्टा नसलेले किती गेले असतील, याचा विचार तेव्हापासून मनात येत राहतो.

आजोबांच्या आधी जुन्नरने एक धडा दिला होता. २००१ ते २००३ या काळात उसात बिबटे वाढले, हल्ले झाले, लोक संतापले. खात्याने शंभरावर बिबटे पकडले आणि त्यांतले काही दूरच्या जंगलांत सोडले. हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. बिबट्याची हद्द रिकामी झाली की दुसरा, बहुधा तरुण आणि गोंधळलेला, तिथे येतो. आणि सोडलेला जिथे जातो तिथेही तो परका असतो. या अनुभवातूनच केंद्राने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. सरसकट पिंजरे लावू नका, उचलून दुसरीकडे नेऊन सोडू नका, आधी गर्दी आवरा, लोकांशी बोला. बिबट्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमध्ये असल्याने त्याला पकडायचे तर मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, आणि ते नागपूरला बसतात. कायदा म्हणून हे बरोबरच आहे. पण ओट्यावर रक्त सांडलेले असताना ही गोष्ट समजावून सांगायची पाळी तालुक्यातल्या सगळ्यात खालच्या कर्मचाऱ्यावर येते.

ती मी एकदा जवळून पाहिली. थंडीचे दिवस, घोटीच्या पुढे एका पाड्यावर रात्री शेळी मेली होती. सकाळी सातला वनरक्षक मोटारसायकलवर हजर. पंचविशीतली मुलगी, खाकी गणवेश, खांद्याला पिशवी. पिशवीत टेप, दोरी, कोरे कागद, कार्बन. तिने आधी शेळीच्या गळ्याचे केस बोटांनी बाजूला केले. दोन भोके, आजूबाजूला फारसे फाटलेले नाही. मग ओढत नेल्याची रेघ धरून ती बांधापर्यंत गेली. ओल्या मातीत ठसा होता. चार बोटे, मागे गादी, नखांची खूण नाही. “कुत्र्याची नखं उमटतात, हा नखं आत ओढून चालतो,” ती बरोबरच्या पोरांना दाखवत होती. ठशाची लांबी-रुंदी टेपने घेतली, फोटो काढला, दोन पंच बोलावले, अंगठे आणि सह्या झाल्या. शेळीची मालकीण ओट्यावर बसून सगळे बघत होती.

“म्याडम, पिंजरा कधी?”

“प्रस्ताव पाठवते, आजी. परवानगी नागपूरहून येते.”

“नागपूरवाला शेरडं वळाया येनार हाय का?”

कोणीतरी हसले. वनरक्षक हसली नाही. तिने गोठ्याची उंची पाहिली, कुडाला पडलेले भगदाड पाहिले, आणि ते आजच्या आज बुजवा, दाराशी दिवा ठेवा असे दोनदा सांगितले. निघताना आजीच्या हातचा कोरा चहा घेतला. या सगळ्याला दोन तास लागले. तिच्या नियतक्षेत्रात म्हणजे बीटमध्ये असे किती पाडे, हे मी विचारले नाही. तिच्या मोटारसायकलचे टायर पाहून अंदाज आला.

मला विचाराल तर या संस्थेचा खरा इतिहास इथे आहे. ज्या खात्याचा माणूस डहाळीसाठी पकडायला यायचा, त्याच खात्याची मुलगी शेळीची भरपाई मिळावी म्हणून कागद करायला येते. पूर्वी हातोडा असायचा, आता टेप. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर मिळणारे अर्थसाहाय्य राज्य सरकारने २०२२ मध्ये १५ लाखांवरून २० लाखांवर आणि २०२३ मध्ये २५ लाखांवर नेले. तालुक्यात हे पैसे घ्यायची वेळ काही घरांवर आलेली आहे. गेलेल्यांची नावे मी इथे लिहीत नाही. पाड्यावर ती सगळ्यांना माहीत आहेत.

आणि चांगलेही घडले. ऑगस्ट २०२०, टाळेबंदीचे दिवस. इगतपुरी परिसरातल्या एका झोपडीत बिबट्याच्या मादीने चार पिल्ले दिली. पूर्वीचा काळ असता तर झोपडीभोवती गाव गोळा झाले असते आणि पुढे काय झाले असते ते सांगायला नको. या वेळी वनखात्याच्या लोकांनी माणसांना दूर ठेवले, आईला पिल्लांपाशी राहू दिले आणि लांबून लक्ष ठेवले. त्या झोपडीतल्या चित्रफिती देशभर फिरल्या. मुंबईतल्या नातेवाइकांनी मला ‘तुमच्याकडे काय भारी!’ असे निरोप पाठवले. ज्याची झोपडी होती त्याला कितपत भारी वाटले असेल, कोण जाणे.

आता वाघोबा. आमच्याकडचे महादेव कोळी, ठाकर यांच्यात दिवाळीच्या तोंडावर, आश्विन वद्य द्वादशीला, वाघबारस असते. बाकी महाराष्ट्र त्या दिवशी वसुबारस म्हणून गाय-वासरू पुजतो. डोंगरात गायीबरोबर तिला खाणाऱ्याचीही पूजा होते. गुराखी पोरे घरोघर धान्य मागतात, वाघोबाच्या शेंदूर फासलेल्या दगडापाशी खीर शिजते, एखादा पोरगा वाघ होतो, एखादा अस्वल, बाकीचे त्यांना पळवून लावतात. मागणे एकच, गुरावासरांना सांभाळ. वाघोबा सीमेवर असतो, गावाच्या आत नसतो. इथपर्यंत तू, इथून पुढे आम्ही. कितीतरी जुना हा करार आहे आणि त्यात नागपूरच्या परवानगीची अट नाही.

सरकारी कायद्याला या कराराच्या जवळ यायला बराच वेळ लागला. १९७२ च्या कायद्यात २००२ मध्ये दुरुस्ती होऊन ‘संवर्धन राखीव’ हा नवा प्रकार आला. अभयारण्य करायचे म्हटले की गावकऱ्यांना हक्क जाण्याची, उठवले जाण्याची भीती. म्हणून हा मधला रस्ता. सरकारी मालकीच्या जमिनीवर, विशेषतः दोन संरक्षित क्षेत्रांना जोडणाऱ्या पट्ट्यात, स्थानिकांशी विचारविनिमय करून तो जाहीर करायचा. आग लावणे, जनावरांना छेडणे, स्फोटके किंवा विष वापरणे याला बंदी. राहणाऱ्यांचे हक्क मात्र अबाधित. महाराष्ट्रातले पहिले संवर्धन राखीव नाशिकजवळचे बोरगड, २००८ चे. पुढे जिल्ह्यात काळविटांसाठी येवल्याकडचे ममदापूर, गिधाडांचे आणि दुर्मिळ वनस्पतींचे अंजनेरी. मग एप्रिल २०२२ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने एकाच बैठकीत बारा संवर्धन राखीवांना मंजुरी दिली. त्यातली चार नाशिक जिल्ह्यातली. कळवण, मुरागड, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरी. आमचे क्षेत्र ८८.४९९ चौरस किलोमीटर. इतरांचे आकडे दोन दशांशांवर थांबले, इगतपुरीचा तिसऱ्यापर्यंत गेला. लाकूड मोजायची जुनी सवय, दुसरे काय.

नकाशा उघडा म्हणजे हे क्षेत्र का, ते कळते. आग्नेयेला कळसूबाई-हरिश्चंद्रगड, पश्चिमेला घाट उतरून तानसा अभयारण्य, मधे आम्ही. आणि आमच्यातून काय काय जाते पाहा. मुंबईची रेल्वे, आग्रा महामार्ग आणि आता समृद्धी. ७०१ किलोमीटरच्या या महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला, पर्यावरण दिनाच्या मुहूर्तावर. घाटाखालून त्याचा जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा आहे. बोगद्याच्या डोक्यावरचे जंगल राहिले, हे खरेच बरे झाले. पण बोगद्याआधीचा रस्ता उघड्यावर आहे, आणि भावली-भंडारदऱ्याकडे फाटणाऱ्या प्रत्येक रस्त्याला रिसॉर्टची पाटी आहे. पावसाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी डोंगरातून येणारे आवाज ऐकले की बिबट्याच आम्हाला संघर्षग्रस्त म्हणून जाहीर करील असे वाटते.

एक बाजू राहते, ती जमिनीची. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च कसारा घाट उतरून मुंबईला गेला. लाल टोप्या, सोललेली पावले. त्यांची एक मुख्य मागणी वनहक्काची होती. २००६ चा कायदा होऊन बारा वर्षे झाली तरी कसत असलेल्या जमिनीचे पट्टे नावावर नव्हते. ज्याचा पट्टा अडकला आहे त्याला शेकरूचे महत्त्व सांगायला जाणारा माणूस शूर म्हणावा लागेल. संवर्धन राखीव आणि वनहक्क ही दोन्ही कामे एकाच डोंगरावरची आहेत. त्यांना वेगवेगळ्या फायलींत ठेवले तर दोन्ही रखडतील, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याने संवर्धन राखीवाला एक व्यवस्थापन समिती असते. वनखात्याचा अधिकारी सदस्य-सचिव, कृषी आणि पशुसंवर्धन खात्यांचे एकेक प्रतिनिधी, वन्यजीवांवर काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, आणि हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक. एवढ्या वर्षांत या डोंगराबद्दल बोलायला गावाला कायद्याने दिलेली ही खुर्ची आहे. तिच्यावर बसणारा माणूस गुरे वळलेला, राब भाजलेला असावा. ग्रामसभेत नाव सुचवताना एवढे पाहा. सोबत पाड्यावरच्या बायांपैकी एखादीचे नाव घ्यायला विसरू नका, गोठ्याच्या कुडाला भगदाड कुठे आहे ते तिलाच माहीत असते.

आणि बिबट्या दिसला तर मागे धावू नका, मोबाइल काढून घोळका करू नका. वनखात्याचा ‘हॅलो फॉरेस्ट’ क्रमांक १९२६ आहे; शेजारचे भंडारदरा धरण पुरे झाले तेच साल, म्हणून लक्षात राहायला सोपा. जनावर मारले गेले असेल तर ते जागेवरून हलवू नका आणि ४८ तासांच्या आत कळवा. कोणीतरी टेप घेऊन येईल.